आयटीआय की बी.एस्सी.? आधी अबोला सोडा

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. बारावी सायन्सला ५४ टक्के पडले. सांगलीत खोली करून दिली, बी.एस्सी.ला घातला, तर पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले. आता कळलं की कॉलेज बुडवून तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जात होता. म्हणतो, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करणार. आमच्या घरात अजून कुणी पदवीधर नाही. भावकीत मान खाली जाईल, उद्या मुलगी कोण देणार? पाडव्यापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. आयटीआयला गेलास तर घरात पाय ठेवू नको, असं बजावलंय. तुम्ही त्याला चार शब्द सुनवावेत.
– एक पालक, खानापूर तालुका, जि. सांगली

उत्तर : नमस्कार. त्याच्यासाठी चार शब्द आहेत, ते शेवटी लिहिते. आधी तुमच्याशी बोलायचं आहे.

राहिलेल्या दोन विषयांची मला फारशी काळजी वाटत नाही. ते सुटतील किंवा सुटणार नाहीत. पण पाडव्यापासून बाप बोलत नाही आणि घराचं दारही बंद होणार, हे डोक्यात घेऊन एकोणीस वर्षांचा मुलगा सांगलीत एकटा खोलीवर राहतोय, हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा वाचलं. या वयाची मुलं अशा वेळी कुणाला काही सांगत नाहीत. कृपा करून आज फोन करा. आयटीआयचा विषयही काढू नका. जेवलास का, एवढं विचारलंत तरी पुरे. ‘घरात पाय ठेवू नको’ हे वाक्यही तुम्हालाच मागे घ्यावं लागेल. आईकरवी निरोप देऊन ते भागणार नाही.

त्याने कॉलेज बुडवलं आणि ते लपवलं, याचा राग येणं साहजिक आहे. पण लपवून तो गेला कुठे, तेही बघा. जळालेली मोटार उघडायची, जुनं वाइंडिंग काढायचं, वेढे मोजायचे, तारेचा गेज जुळवायचा, वॉर्निश मारून सुकवायचं. वेढे चुकले की मोटार परत दारात. हे काम चंचल मुलाच्या हातून होत नाही. ‘अभ्यासात लक्ष नाही’ असं तुम्ही ज्याला म्हणता, त्याचं लक्ष दुकानात तासन्‌तास टिकतं. तिथे काय शिकलास, हे त्याला एकदा तरी विचारलंत का? घरी एकच उत्तर चालणार हे ठाऊक असलं की मुलं प्रश्नच घरी आणत नाहीत.

आता भावकीतल्या मानाचं. विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तुमच्या भावकीतही असतील. सोनं-चांदी गाळण्याचं काम ती भट्टीपुढे बसून शिकली, आणि गावात त्यांनी बांधलेल्या बंगल्यांपुढे उभं राहून कुणी पदवी विचारत नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कृष्णेवरून टप्प्याटप्प्याने उचलून तुमच्या तालुक्यात येतं, ते पंपांच्या जोरावर. त्या मोटारी चालत्या ठेवणारे हात कमी दर्जाचे आहेत, असं तुम्ही शिवारात उभे राहून म्हणाल का? मग मुलाच्या हातातली पक्कड तेवढी का खुपते?

आणि मुलगी कोण देणार? खरं सांगते, आज मुलीकडचे पहिल्यांदा नोकरी विचारतात. पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलांची स्थळं तुमच्याही गावात परत जात असतील. पण माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. अजून न पाहिलेल्या सोयरिकीसाठी समोरच्या मुलाशी बोलणं तोडायचं, हा सौदा कुठल्या बापाला परवडतो?

एक गैरसमज मात्र नीट दूर करायला हवा. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं, असं तुम्ही धरून चालला आहात. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा असतो. दहावीनंतर असा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकमधल्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. शिवाय तुमचा मुलगा बारावी सायन्स झालेला आहे, त्यामुळे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग त्याला आयटीआयशिवायही आहे. म्हणजे दोनच वाटा आहेत असं समजून तुम्ही भांडत होतात आणि तिसरी दोघांनीही पाहिली नव्हती. घरातला पहिला पदवीधर तोच व्हावा ही तुमची इच्छा मला समजते. ती नंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम करताकरताही पुरी होऊ शकते.

माझं मत विचाराल तर, त्याला बी.एस्सी.त आणखी रेटू नका. हाताने काम करायला आवडतं, तर आयटीआय. ड्रॉइंग आणि गणितातही रस असेल, तर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. निवड त्याची.

आता त्याच्यासाठी. बाळा, कॉलेज बुडवून दुकानात बसलास ते चुकलं. तेव्हाच घरी सांगायला हवं होतंस. नुसत्या दुकानावर थांबूही नकोस. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र मागतात, तिथे दुकानातला अनुभव पुढे करून चालत नाही. आयटीआयतही थिअरीचा पेपर असतो, वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं. गणितापासून पळण्यासाठी तिकडे जात असशील तर तिथेही अडकशील. शिकून झाल्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप कर. सुरुवातीचा पैसा थोडा असेल, कंत्राटी कामही वाट्याला येईल. हे आत्ताच वडिलांना सांगून ठेव.

तुम्ही दोघं मिळून एक दिवस सरकारी आयटीआयचं वर्कशॉप बघून या. खासगी संस्थेत जायची वेळ आली, तर माहितीपत्रकावर जाऊ नका. मोटारी, पॅनेल, मीटर खरोखर आहेत का आणि मुलांचे हात त्यांना लागतात का, हे डोळ्यांनी बघा. प्रवेश ऑनलाइन होतो आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. त्याचे दहावीचे गुण तुम्ही कळवलेले नाहीत, ते काढून ठेवा. इलेक्ट्रिशियनला गर्दी असते, तेव्हा अर्जात वायरमनचाही पर्याय भरा. आणि जागा हातात पडेपर्यंत सांगलीच्या कॉलेजातून दाखला काढू नका.