आजोबांचं लेक्चर आणि चिपाडाची गाडी

डॅलसहून एका सूनबाईचं पत्र आलंय. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत आणि "मुलाने लेगोचा डबा उघडला की बाबांचं सुरू होतं, बहात्तरच्या दुष्काळात आम्हाला खायला नव्हतं, आम्ही ज्वारीच्या चिपाडाच्या गाड्या करून खेळलो, तुम्ही पैसे उधळता. आता तो आजोबा दिसले की रूमचं दार लावून घेतो." पुढे नवऱ्याची कुरबुर, मराठी शाळेचा कंटाळा वगैरे आहेच.

अगं, वैताग येणारच, पण त्यांना गप्प बसवू नकोस. माझं नेहमीचंच पालुपद, वाचणारे हसतील, काटकसर तोंडाने शिकवता येत नाही, हाताने येते! माझे वडील बार्शीकडचे, दुष्काळी कामावर खडी फोडलेली, दुष्काळात वाटायचे ती सुकडी खाल्लेली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर आणलेली, पण आम्हा पोरांना त्याचा हिशेब कधी ऐकवला नाही. ज्वारी काढली की तिचं एक वाळकं ताट, म्हणजे धांडा, घेऊन बसायचे, साल सोलायची (बोट कापतं हं त्याने), आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे करायचे, सालीच्या काड्या त्यात खुपसून गाडीचा साटा म्हणजे बैठक, चाकांचा आख, बैलांचं जू, आणि साल वाकवून चाकं. शेळीने खाल्ली तर दुसरी करायची.

आता म्हणशील डॅलसला ताट कुठून आणू? मिलो तुमच्या टेक्सासातही पिकते पण ती बुटकी. ऑक्टोबरात लोक दारात मक्याची वाळकी ताटं बांधतात ना सजावटीला, हॅलोवीन झालं की फेकतात, ती मागून आण. मक्याचं भेंडही चालतं. सासऱ्यांसमोर टाक आणि तू तिथून ऊठ, व्हिडिओ काढत बसू नकोस. पोराने लेगोची चाकं लावली तर लावू दे. आणि "तो बोअर झाला की ऑनलाइन काहीतरी मागवते" हे तूच लिहिलंयस, ते जरा कमी कर बाई.

सासऱ्यांनाही माझा निरोप दे, उपासमार ही काही शिस्त नव्हती काका, आपल्याला मिळालं नाही म्हणून नातवाला का लाजवायचं?

मराठी शाळेत पाठवत राहा, कुरकुर करेल. नवऱ्याचं सासरे परतल्यावर बघू. सासऱ्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स काढलाय ना, तेवढं मात्र आजच बघ.