मासळीचे एवढे पैसे जातात कुठे?

प्रश्न : ताई, मी परळला राहते. घरात पाच जण, मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं, मोठा नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे ठरलेले. गेल्या महिन्यात नवऱ्याने हिशोब काढला तर नुसत्या मासळीचे साडेसहा हजार झाले, तेल-नारळ त्यात धरलेच नाहीत. तो म्हणतो महागाई आहे, काय करणार. सासूबाई म्हणतात तुम्हाला बाजार करता येत नाही. मी ऑफिसमधून सातला घरी येते म्हणून बहुतेक वेळा अ‍ॅपवरून मागवते, सुरमई नाहीतर कोळंबी, कारण मुलं दुसरं खातच नाहीत. भाव खरंच वाढलेत की माझं काही चुकतंय?

उत्तर : भाव वाढलेत गं, त्यात वादच नाही. डिझेल महाग, बर्फ महाग, बोटी लांब लांब जातात तरी जाळ्यात पूर्वीसारखं पापलेट येत नाही आणि चांगली कोळंबी, माकूल, पापलेट परदेशी जातं म्हणून तिथला भाव इथल्या टोपलीलाही लागतो. एवढं नवऱ्याचं बरोबर. पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते "मुलं दुसरं खातच नाहीत".

घरात काटे काढून खाणारी माणसं किती, ह्याच्यावर मासळीचा खर्च ठरतो, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत आहे. पगार, माणसं, पाहुणे हे सगळं असतंच, पण एकाच मजल्यावरच्या सारख्या पगाराच्या दोन घरांत खर्च दुप्पट-निम्मा असतो तो ह्याच्यामुळे. ज्यांना काटा नको त्यांना सुरमई, रावस, कोळंबी एवढंच उरतं आणि नेमकं तेच महाग, बांगडा, तारली, मांदेली, ढोमी, बोंबील ही सगळी टोपली त्यांच्यासाठी बंदच.

मी माझ्या मुलीला बांगड्यावर शिकवलं. तळलेला बांगडा ताटात आडवा ठेवायचा, पाठीच्या रेषेवर बोटाने हळूहळू दाबत जायचं, वरची बाजू अलगद सुटते, मग मधला काटा शेपटीकडून धरून उचलायचा, जवळजवळ अख्खा येतो, आणि पोटाकडचे बारीक काटे डोळ्यांनी नाही तर बोटांनी शोधायचे. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला, भात गार झाला, ती रडली पण. दोनेक महिन्यांत माझ्याआधी तिचं ताट रिकामं व्हायला लागलं. तुझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हे नक्की जमेल, शेजारी सासूबाईंना बसव, त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवणार नाही. धाकटीला सध्या बोंबील, त्याचा काटा मऊ असतो, आणि बारीक मांदेली कडक तळून, ती काट्यासकट कुरकुरीत लागते.

आता अ‍ॅपचं. सातला घरी येणाऱ्या बाईला बाजारात जा म्हणून सांगणं मला पटत नाही. फक्त किलोचा भाव बघू नको, ताटात किती पडतं ते बघ. किलोभर कोळंबी सोलली की डोकी-टरफलांत निम्म्याच्या जवळपास जाते, म्हणून साफ केलेली महाग दिसते तेवढी नसते. पाकिटावर साफ केल्यानंतरचं वजन लिहिलेलं असतं, किमतीला त्याने भाग देऊन बघ. मात्र तिथे वाटा, म्हणजे न तोलता ढिगाने मिळणारी मासळी, मिळत नाही, संध्याकाळी उरलेला माल कमी भावात मिळत नाही आणि ओळखीची कोळीण "आज सुरमई नको, बांगडा ताजा आहे, कल्ले बघ लाल आहेत" असं सांगते ते तर नाहीच नाही.

वार पण बघ. बुधवार-शुक्रवार-रविवार अख्खी मुंबईच मासे खाते, रविवारी सकाळी सिटीलाइटच्या बाजारात उभं राहायला जागा नसते आणि भाव तसेच. सासूबाई गुरुवार पाळत नसतील तर एक दिवस गुरुवारवर ढकलून बघ. चार घरं मिळून महिन्यातून एकदा पहाटे भाऊच्या धक्क्यावरून आणलंत तर अजून फरक पडेल, पण वाटून, साफ करून फ्रीजरला टाकायला माणूस हवं, नाहीतर स्वस्तात आणलेलं कचऱ्यात जातं.

पत्रात महिना लिहिला नाहीस, पण तो जून-जुलै असेल तर त्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नको. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून, आणि ती हवीच. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणून जूनच्या मध्यानंतर तिकडचा बर्फातला माल येतो, पण ताज्या मालाचे भाव चढेच राहतात आणि गटारीला तर विचारूच नको. श्रावणात उलट, बोटी सुटलेल्या असतात आणि निम्मी घरं खात नाहीत, ज्यांच्याकडे पाळत नाहीत त्यांनी तेव्हा पोटभर खावं. आपल्या आया-आज्या मे महिन्यात सोडे, सुकट, सुके बोंबील आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवायच्या ते ह्याच दोन महिन्यांसाठी. वांग्यात घातलेले सोडे मुलांना आवडतात, काट्याचा प्रश्नच नाही. हां, खालच्या मजल्यावर वासावरून कटकट होत असेल तर भाजू नको, तव्यावर थोड्या तेलात परतून घे.

सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरातल्या घरांचा अंडी-मासे-मटणावरचा खर्च एकूण खर्चाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला होता. त्याच्याशी तुलना करून जीवाला लावून घेऊ नको, त्यात न खाणारी लाखो घरं आहेत आणि देशभरातली, समुद्रापासून लांबची शहरं पण आहेत. आठवड्यातून तीनदा मासे खाणारं मुंबईतलं घर त्याच्या वर जाणारच. मला विचारशील तर सुरमई पंधरा दिवसांतून एकदा, कोळंबी एकदा, बाकी सगळं काट्याचं, एवढं केलंस तरी हिशोब खाली येईल.

आणि सुरमई बाजारातून अख्खी घेतलीस तर डोकं मागून घे, कालवणाला त्याच्यासारखं काही नाही, आणि त्याचे पैसे तू वजनात भरलेलेच असतात.