बाबा उत्तरच देत नाहीत

"सहा वर्षं बोलणं नाहीये आणि आता चार दिवस एकाच गाडीत, मी जाऊ की नको?" असा प्रश्न माझ्याकडे सुट्ट्या जवळ आल्या की कोणी ना कोणी घेऊन येतंच. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

मुलगा बेचाळीसचा, वडील शहात्तरचे. मुलाने नोकरी सोडली तेव्हा वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्याच्याने काही होणार नाही." तो बॅग भरून निघाला, दारातून "येतो" म्हणाला, वडिलांनी मान वर केली नाही. ते वाक्य लागलं होतंच, पण ती वर न केलेली मान जास्त लागली होती, सेशनमध्ये फिरून फिरून तिथेच यायचा. आता बहिणीने ट्रिप ठरवली आणि आई म्हणाली मला दोघंही हवेत.

त्याला आधी वडिलांकडून सॉरी हवं होतं. इच्छा चूक नाही. पण दुरावलेल्या कुटुंबांचा अभ्यास करणारे कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर सांगतात की जी माणसं परत जवळ आली त्यातल्या बऱ्याच जणांनी समोरच्याने आपलीच बाजू मान्य करावी हा हट्ट सोडला होता. माझाही अनुभव हाच आहे.

मग आम्ही एवढंच ठरवलं की जुना विषय सगळ्यांत काढायचा नाही, कोणी काढला तर "नंतर बोलू" म्हणून उठायचं, झोपायची खोली वेगळी, आणि रोज वडिलांसोबत एखादं हाताने करायचं काम. समोरासमोर बसून मन मोकळं करा असं मी अशा वेळी सांगत नाही. शेजारी बसून, नजर रस्त्यावर असली की बोलणं सोपं जातं. (घरात मारहाण, छळ झाला असेल तर हे लागू नाही, तिथे न जाणं हाच बरोबर निर्णय असू शकतो.)

पहिली संध्याकाळ वाईट गेली. टेबलावर त्याने तीनदा विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" ते दुसरीकडेच बघत होते. रात्री मला मेसेज आला, तेच परत सुरू झालंय, उद्या निघतो. मी फक्त विचारलं, ते तुलाच उत्तर देत नाहीत की कोणालाच नाही?

दुसऱ्या दिवशी त्याने नीट पाहिलं. भाची बोलत होती तरी आजोबा नुसतेच हसत होते, तेही भलत्या वेळी. आणि गाडीत काचा बंद, गाणी बंद, हा शेजारी बसलेला, तर प्रत्येक गोष्टीला उत्तर! वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, स, श, फ सारखे, म्हणजे कोणी बोलतंय हे कळतं पण काय ते कळत नाही, आणि गोंगाटात तर अजिबातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने साठीपुढच्या दर चारांतल्या एकाहून जास्त लोकांना कामात अडथळा येईल इतकं कमी ऐकू येतं. पण बरेच जण ते लपवतात, आणि घरच्यांना वाटतं दुर्लक्ष करतायत.

तिसऱ्या दिवशी चाक पंक्चर झालं. वडील खाली बसून नट एकेक करून रुमालात ठेवत होते, हात थरथरत होते तरी मोजत होते. हा म्हणाला, "झाले बाबा पाचही." ते म्हणाले, "चारच आहेत, बघ नीट." पाचवा खरंच चाकामागे गवतात होता.

परतीच्या वाटेवर त्याने विचारलंच, त्या दिवशी मी येतो म्हणालो, तुम्ही बघितलंही नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणाला होतास? मला वाटलं न सांगताच गेलास."

सगळं काही कानांवर ढकलता येत नाही. ते वाक्य वडिलांनी शुद्धीत म्हटलं होतं, त्याबद्दल अजून सॉरी आलेलं नाही, आणि त्याचा राग अजून आहे, त्यावर आम्ही काम करतोय. पुढच्या आठवड्यात वडिलांची कानाची तपासणी आहे, घेऊन तोच जाणार आहे.