एका घरात दोन मांजरं आणि दोघांची पथ्यं वेगळी, कसं जमवायचं?

तुमची बारा वर्षांची मांजर किडनीच्या पथ्यावर आहे, घरात पाच महिन्यांचं पिल्लू आहे, दोघं एकमेकांच्या वाटीत तोंड घालतात, तर काय करावं, असा तुमचा प्रश्न. आणि शेवटी हळूच एक ओळ टाकलीय: "सासरे म्हणतात, गावाकडे मांजरी दूधभातावर जगायच्या, हे काय नवीन खूळ." मी लिहायला बसले ती या ओळीमुळे. मूळ प्रश्नाचं आधी उरकते.

दिवसभर वाटी भरून ठेवणं आजपासून बंद. खाण्याच्या वेळा ठरवा, मोठीला दोनदा, पिल्लाला तीन-चारदा. वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून, अर्धा तास. मग वाट्या उचलायच्या, उरलंसुरलं झाकून फ्रीजमध्ये. वन बीएचकेत खोल्या कुठून आणू म्हणाल, तर बाथरूमला दार असतंच, पिल्लाला त्याचं काही वाटत नाही. मध्येच खायला द्यायची वेळ आली तर पिल्लाची वाटी उंचावर ठेवा. म्हाताऱ्या मांजरीचे सांधे धरलेले असतात, ती फ्रीजवर उडी मारायला जात नाही. गळ्यातला टॅग किंवा कातडीखालची चिप ओळखून उघडणारी वाटीही मिळते, पण किंमत बघून मी तो नाद सोडला.

आणि चोरी दोन्हीकडून वाईट, हे डोक्यात ठेवा. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस मुद्दाम कमी केलेला असतो, प्रोटीनही बेताचं. वाढत्या पिल्लाला नेमकं तेच जास्त लागतं. पिल्लाच्या खाण्यात ते भरपूर, आणि म्हातारीच्या किडनीला तेच झेपत नाही. एखाद्या घासानं आभाळ कोसळत नाही, पण रोजची सवय लागू देऊ नका.

आता सासरे. माझ्याकडे ती जागा मोठ्या दिरांची, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नौपाड्यातली त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, भाड्याचं घर मनासारखं मिळेना, म्हणून ते आणि जाऊबाई आमच्याकडे नेरूळला राहायला आले. माणूस सोन्यासारखा. माझ्या मुलाचं गणित त्यांनीच सुधारलं. पण सगळी नोकरी औषध कंपनीचा एमआर म्हणून, डॉक्टरांच्या दारात झालेली, त्यामुळे डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं की त्यामागे कमिशन आहे, यावर ठाम. जनावरांचे डॉक्टर तर त्यांच्या मते त्याहून पुढचे.

तेव्हा आमच्याकडे यमी आणि गोट्या. यमी म्हातारी, तिला किडनीचं खाणं. गोट्या जाडा बोका, एकदा लघवी तुंबून कॅथेटर लावायची वेळ आलेली, त्यामुळे त्याला खड्यांचं वेगळं खाणं. दोघांच्या वाट्या, वेळा, दारं सगळं व्यवस्थित चाललेलं. यमीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, तोही एका जागी थांबलेला. अण्णा आल्यावरच्या पहिल्याच रिपोर्टात ते वर गेलं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणी काही घालतं का?" मी ठणकावून नाही म्हटलं.

मग एक दिवस वॉशिंग मशीनचा पाइप गळायला लागला म्हणून मशीन पुढे ओढलं. मागे मांदेलीची डोकी. काही वाळून भिंतीला चिकटलेली, काही ताजी, आणि एक अख्खा काटा कंगव्यासारखा साफ चाटलेला. यमी त्याच कोपऱ्यात झोपायची. रविवारी सकाळी अण्णा जवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून मासळी आणायचे, ओट्यावर स्वतः साफ करायचे. मला वाटायचं, काय घरकाम करणारा पुरुष आहे हा!

विचारलं तर नाकारलं नाही. "अगं, ती बघत होती माझ्याकडे. आणि डोकं टाकूनच देतो आपण." मी म्हटलं, अण्णा, डोकं म्हणजे सगळं हाड, आणि हाड म्हणजे फॉस्फरसचं कोठार. त्यावर ते म्हणाले, मांजर म्हणजे मासे, तुझ्या पाकिटात काय आहे, मका आणि तांदूळ. पाकीट उलटं करून वाचूनही दाखवलं. मका होता.

जेवताना वाद पेटला. मी टॉरिन नावाच्या अमिनो आम्लाचा विषय काढला. मांजराला ते अन्नातून लागतंच, त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही, आणि ते मिळतं मांसातून. कमी पडलं तर हृदयाचा स्नायू सैल पडतो, डोळे जातात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवला. अण्णांनी शांतपणे विचारलं, "ती मांजरं काय खात होती?" खरं उत्तर असं की कंपन्यांचं तयार खाणंच खात होती. "म्हणजे पाकिटातलंच ना?" आणि जाऊबाईंकडे बघून भाताचा घास घेतला. मी म्हटलं, हो, पाकिटातलंच. पण उणीव कळल्यावर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. गावच्या दूधभातात कुणी काय वाढवलं?

हेच मला तुमच्या सासऱ्यांनाही सांगायचंय. गावची मांजर दूधभातावर जगतच नव्हती. ती माळ्यावरच्या उंदरांवर, पाली-चिमण्यांवर जगायची, दूधभात वरचा. बहुतेक मोठ्या मांजरांना तर दूध धड पचतही नाही. आणि ती किती वर्षं जगायची, हे मोजलं कुणी? एक गेली की त्याच रंगाची दुसरी दारात यायची, आजी तिलाही मनीच म्हणायची. किडनी म्हातारी व्हायला आधी मांजर म्हातारं व्हावं लागतं.

तोड काढली जाऊबाईंनी. मासे बाजारातच साफ करून घ्यायचे, डोकी कोळणीकडेच ठेवायची. अण्णा आठवडाभर गप्प होते. पुढच्या रिपोर्टात आकडा खाली आला. अण्णा म्हणतात तो सलाइनमुळे आला. कातडीखाली सलाइन आम्ही त्याच सुमारास सुरू केलं होतं, त्यामुळे त्याचा वाटा नव्हता असं नाही. पण सगळं श्रेय सलाइनला देणारा माणूस मांदेलीचं नाव का घेत नाही, हा माझा प्रश्न त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीपर्यंत अनुत्तरित होता, अजूनही आहे.

तर सासऱ्यांना टॉरिन वगैरे सांगू नका, उलटवतील. त्यांच्या हाताला लागेल असं काही घरात ठेवू नका. फारच जीव कासावीस होत असेल त्यांचा, तर किडनीच्या खाण्यातलेच चार दाणे डबीत काढून त्यांच्याकडे द्या, तेवढेच घालू देत.

दोन गोष्टी राहिल्या. पथ्याचं खाणं एकदम बदलू नका, आठ-दहा दिवसांत जुन्यात मिसळत न्या, ओलं असेल तर किंचित कोमट करून द्या, वास सुटला की खाते. तरीही तोंड लावत नसेल तर "भूक लागली की खाईल" हा बाणा मांजरापुढे चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचं, त्यातून जाड्या मांजराचं, यकृत बिघडतं. तेव्हा पथ्य बाजूला ठेवून जे खाईल ते द्या आणि डॉक्टरांना फोन करा. फक्त कांदा-लसूण पडलेलं काही नको, त्यानं तांबड्या पेशी फुटतात.

पिल्लू बोका असेल तर तो पुढेमागे मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं, की त्याच रात्री डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि मोठीचं बीपी मोजलंय का, तुम्ही लिहिलं नाहीये. किडनीच्या मांजरांत ते बऱ्याचदा वाढतं आणि अचानक दृष्टी जाऊ शकते. पुढच्या खेपेला विचाराच.