पहिलं घड्याळ घेताना

डायलच्या चकाकीला भुलू नकोस, आधी पाठ उलटून बघ. नुसतं 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलं असेल तर बहुधा झाकणच स्टीलचं, बाकी केस, म्हणजे घड्याळाची बॉडी, पितळी आणि वर मुलामा. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं तो पट्ट्याच्या जोडापाशी आधी उडतो, मग मनगटावर हिरवट डाग. केस ३१६एल, म्हणजे घामानं सहसा न गंजणाऱ्या प्रतीच्या स्टीलची घे. चामडी पट्टा मे महिन्यात वास मारतो, तो दिवाळीनंतर लाव.

पाणी किती सोसतं ते घड्याळावर मीटरमध्ये लिहितात; '३० मीटर' म्हणजे हात धुतानाचे शिंतोडे, बस्स. पोहायचं तर १०० मीटर आणि स्क्रूसारखी पिळून बसणारी चावी, म्हणजे काटे लावायची बाजूची फिरकी. चावी ओढून काटे फिरव. लटपटली तर सरळ परत ठेव. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं, महिन्याला १५-२० सेकंद चुकतं; ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं, दिवसाला तेवढं चुकलं तरी बिघाड नव्हे. सोलापुरात नवी पेठेत घे नाहीतर ऑनलाइन, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवीच. क्वार्ट्झमधला सेल संपला की लगेच काढ, गळला तर मशीनच जातं.