मूत्राशयाचा कॅन्सर परत आला, हे रक्ताच्या ट्यूमर मार्करवरून कळतं का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ नागपूरला दुर्बिणीने काढली, कॅन्सर सुरुवातीचा निघाला. आता पिशवी आतून दुर्बिणीने तपासायला पुन्हा पुन्हा नागपूर करण्यापेक्षा तालुक्याच्या लॅबमध्ये मार्कर (कॅन्सरची खूण दाखवणारा रक्तातला पदार्थ) तपासला तर भागेल का?

नाही भागणार. मी यवतमाळ जिल्ह्यात लॅब टेक्निशियन आहे, रक्त काढणं हेच माझं पोट, तरी सांगतो. प्रोस्टेटला जसा पीएसए आहे तसा या कॅन्सरला रक्तातला भरवशाचा मार्कर नाही. 'कॅन्सर प्रोफाइल' म्हणून जी पॅकेजं विकतात त्यात सीईए नावाचा मार्कर असतो, आणि तो नुसत्या बिडीनेही वाढलेला दिसतो. आपल्याकडचे बाबा लोक बिडी किती ओढतात ते तुम्हाला माहीत आहे. आकडा वाढला की घरभर रडारड, नॉर्मल आला की दुर्बीण टळली. दुसरं जास्त वाईट.

लघवीतले मार्कर आहेत. एनएमपी22 हे त्यातलं एक प्रोटीन, पण मुतखडा, इन्फेक्शन किंवा लघवीत रक्त असलं तरी ते पॉझिटिव्ह येतं. फिश तपासणीत पेशींमधली गुणसूत्रं बघतात. ती महाग आहे. दोन्ही दुर्बिणीच्या जोडीला ठीक, तिच्याऐवजी नाही.

त्यातल्या त्यात कामाची म्हणजे लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. हाय ग्रेड (जास्त आक्रमक) कॅन्सरच्या पेशी त्यात बऱ्यापैकी सापडतात, लो ग्रेडच्या (कमी आक्रमक) पुष्कळदा निसटतात, कारण त्या साध्या पेशींसारख्याच दिसतात. नमुना मात्र नीट हवा. सकाळची पहिली लघवी नको, रात्रभर पिशवीत राहून पेशी खराब झालेल्या असतात. मे महिन्यात घरून बाटली भरून एसटीने आणलेला नमुना तर स्लाइडवर लावण्यात अर्थ नसतो. वडिलांना लॅबमध्येच आणा आणि दुसऱ्या वेळची लघवी तिथेच द्या.

आता नागपूरच्या फेऱ्या. दर तीन महिन्यांनी दुर्बीण सगळ्यांनाच लागत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये स्टेज आणि ग्रेड बघा. पहिल्यांदाच झालेली, एकच, 3 सेंमीपेक्षा लहान, टीए (फक्त आतल्या अस्तरापुरती), लो ग्रेड गाठ असेल आणि तिसऱ्या महिन्याची दुर्बीण साफ आली, तर पुढची साधारण वर्ष पूर्ण होताना आणि मग वर्षातून एकदा, पाच वर्षांपर्यंत. हाय ग्रेड किंवा टी1 (अस्तराखालच्या थरात शिरलेली) असेल तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जावंच लागतं. अशा गाठीत कॅन्सर परत येऊ नये म्हणून पिशवीत बीसीजी या औषधाचे डोसही देतात. हा कॅन्सर परत परत उगवणारा आहे, पण लहान असताना दिसला तर बहुतेक वेळा दुर्बिणीनेच काढता येतो. तुमचे वडील कोणत्या गटात आहेत हे युरोलॉजिस्टकडून फाइलवर लिहून घ्या. खर्चाचं म्हणाल तर फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

बाबा लोक 'रक्त घ्या, पण ते नळी नोको' म्हणतात, त्यांचंही खरं आहे. लवचिक दुर्बीण असेल तर बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत होते. ती मिळेल का, हे तारीख घेतानाच विचारा.

आणि मधेच लघवी लाल झाली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, दुखत नसलं तरी. रक्ताच्या गुठळ्या येऊन लघवी अडली तर त्याच रात्री जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.