डहाणू-तलासरीत सारखे छोटे धक्के बसतायत, म्हणजे मोठा भूकंप येणार का?

येईलच असं नाही, पण ‘येणारच नाही’ असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. तारीख-वार देणारे व्हॉट्सॲप मेसेज खुशाल डिलीट करा. धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८पासून सुरू झालेली ही भूकंपांची मालिका आहे: आधी एक मुख्य धक्का आणि मग उतरते धक्के, असा क्रम यात नसतो. लहान, उथळ (जमिनीखाली फार खोल नसलेले) धक्के महिनोन्‌महिने येत राहतात. उथळ असल्यानेच ३ तीव्रतेलाही जमिनीतून आवाज येतो, भांडी वाजतात आणि माणूस दचकतो. अशा बहुतेक मालिका मोठ्या धक्क्याविना विरतात. मात्र ‘थोडाथोडा ताण निघून जातोय, बरंच आहे’ हे गणित चुकीचं. ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४ तीव्रतेचे साधारण हजार धक्के लागतील! शिवाय कोयनेला १९६७च्या मोठ्या भूकंपाआधी काही वर्षं छोटे धक्के जाणवत होतेच. अर्थात तिथे धरणाच्या पाण्याचा संबंध होता. त्यामुळे धक्के सुरू आहेत तोवर तडे गेलेल्या भिंतीला लागून अंथरूण टाकू नका, सैल कौलं बसवून घ्या, माळ्यावरचं जड सामान खाली आणा.